वाढतें हाड आणि सक्तीची विश्रांति



माझी एक नात बारा वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक्स शिकते. शाळा सुटली कीं व्यायामशाळा, व्यायामशाळा सुटली कीं जेवण आणि झोंप, असा तिचा दिनक्रम. गेल्या दिवाळीनंतर तिचें उजवें मनगट दुखूं लागलें. ती पडली नव्हती, कोठें आपटली नव्हती, सूजहि दिसत नव्हती. हातांवर उलटें उभें राहिलें किंवा हात टेकून मागें उडी घेतली कीं मनगट दुखे, आणि घरीं येईपर्यंत थांबे. तिच्या शिक्षकांनीं सांगितलें, संवय झाली म्हणजे दुखणें जाईल. तिच्या आईला वाटलें, स्पर्धा जवळ आल्याची ही धास्ती असावी. आणि मी? मीं छत्तीस वर्षें मुलांना शिकविलें, त्यांत कवायतीचे तासहि घेतले. मीं तिला ऐकविलें, "बाळ, कुरकुर करणारा कधीं खेळाडू होत नाहीं." हें वाक्य पुढें मला फार दिवस टोंचत राहिलें, म्हणून तें आरंभींच सांगून टाकतों.

असे दोन महिने गेले. एके दिवशीं तिला दाराची कडी ओढवेना, तेव्हां आम्हीं तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं दोन्ही मनगटांचीं क्ष-किरण चित्रें काढून उजेडाच्या कांचेवर शेजारीं शेजारीं लाविलीं. डाव्या हाताच्या चित्रांत, आंगठ्याच्या बाजूच्या मोठ्या हाडाच्या टोंकाजवळ एक बारीक काळी रेघ आडवी गेलेली दिसत होती. उजव्या हातांत तीच रेघ रुंद झाली होती आणि तिची कड उंदरानें कुरतडल्यासारखी ओबडधोबड दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलेलें नाहीं. पण हाड जेथून वाढतें ती जागा दुखावली आहे. तीन महिने या हातावर शरीराचा भार द्यावयाचा नाहीं. मग पुन्हां पाहूं."

निवडीची स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती. मुलगी वाटेंत एक शब्द बोलली नाहीं. रात्रीं माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, आमच्या वर्गांतल्या एका मुलाचा हात मोडला होता, त्याला दीड महिन्यांत मोकळा केला. माझें तर मोडलेंच नाहीं. मग तीन महिने कशासाठीं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक; वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु इतिहास हा माझा जन्मभराचा आवडता विषय, आणि कोणतीहि गोष्ट समजून घ्यावयाची तर ती माणसाला प्रथम कळली कशी, हें शोधीत बसावें, ही माझी जुनी खोड. त्या खोडीपायीं त्या तीन महिन्यांत जें वाचावयास मिळालें, तें आज आपणांस सांगणार आहें.

मूल वाढतें म्हणजे त्याचें हाड वाढतें, हें उघड आहे. पण तें वाढतें कोठून? रबराची दोरी ताणावी तसें सगळीकडून सारखें लांबतें, कीं भिंतीवर विटेचा थर चढावा तशी एका टोंकाशीं भर पडते? या प्रश्नाचें पहिलें चांगलें उत्तर एका धर्मोपदेशकानें दिलें. इंग्लंडांत टेडिंग्टन येथें स्टीफन हेल्स हे पाद्री होते. झाडाच्या खोडांत रस किती जोरानें चढतो, पानांतून किती पाणी उडून जातें, हें मोजण्याचा त्यांना छंद. कोवळ्या फांदीवर सारख्या अंतरानें ठिपके करून तिचा कोणता भाग अधिक लांबतो, हेंहि ते पाहत. तोच विचार त्यांनीं हाडाला लाविला. कोंबडीच्या एका अर्धवट वाढलेल्या पिल्लाच्या पायाचें हाड दोन इंच लांब होतें. त्याला त्यांनीं अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक छिद्रें पाडिलीं. दोन महिन्यांनीं पाहिलें तों हाड एका इंचानें लांब झालें होतें, पण दोन छिद्रांतील अंतर होतें तेवढेंच, अर्धा इंच! हाडाचा मधला भाग जागचा हललाच नव्हता. जी काय वाढ झाली ती टोंकांकडे. हा प्रयोग हेल्स यांच्या १७२७ सालच्या वनस्पतिविषयक ग्रंथांत नमूद आहे. मुलांच्या हाडांच्या शास्त्राचा उगम झाडांच्या पुस्तकांत सांपडावा, याची मला मोठी मौज वाटली.

दुसरा धागा याहून गमतीचा आहे. लंडनमधील शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर हे एका कापड छापणाऱ्याकडे जेवावयास गेले होते. पानांत डुकराचें मांस होतें आणि त्याचीं हाडें तांबडीं दिसत होतीं. चौकशी करतां कळलें कीं, रंगाच्या कामांत वापरलेला कोंडा यजमान डुकरांना घालीत असे आणि त्या कोंड्यांत 'मॅडर' नांवाच्या मुळीचा रंग उतरलेला असे. ही मुळी म्हणजे आपल्या मंजिष्ठेची विलायती बहीण. बेल्चियर यांनीं ही हकीकत १७३६ सालीं प्रसिद्ध केली. जें हाड नवें बनत असतें तेंच या रंगानें रंगतें, हें हळूहळू ध्यानांत आलें. मग फ्रान्समध्यें द्युहामेल यांनीं जनावरांना कांहीं दिवस ही मुळी चारावी, कांहीं दिवस बंद ठेवावी, असें करून हाडांत तांबडे-पांढरे थर पाडून दाखविले. पुढें जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यानें डुकराच्या पिल्लाच्या पायाच्या हाडांत शिशाचे दोन छर्रे बसविले. पिल्लू वाढलें, हाड लांबलें, छर्रे मात्र एकमेकांपासून होते तितक्याच अंतरावर राहिले. हेल्स पाद्रीबुवांचें म्हणणें खरें ठरलें.

लांब हाडाच्या टोंकाजवळ कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जें लवचिक द्रव्य लागतें तशा द्रव्याची, एक पातळ चकती असते. तिच्यांत पेशी नाण्यांच्या चवडीप्रमाणें एकावर एक रचलेल्या असतात. चवडीच्या टोंकाकडील बाजूस नव्या पेशी जन्मतात. दुसऱ्या बाजूस जुन्या पेशी फुगतात, त्यांच्या भोंवतीं चुना सांठतो, रक्तवाहिन्या शिरतात आणि तेथें हाड तयार होतें. चकती पुढें सरकते, हाड मागें ठेवीत जाते. वय भरलें कीं चकतीच हाड होऊन जाते आणि उंची थांबते. कूर्चेंत चुना नसल्यामुळें ती क्ष-किरणांच्या चित्रांत उमटत नाहीं. डॉक्टरांनीं दाखविलेली काळी रेघ ती हीच. मनगटाजवळ आंगठ्याच्या बाजूस जें हाड आहे, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात, त्याच्या एकंदर वाढीपैकीं सुमारें तीन चतुर्थांश वाढ मनगटाकडील चकतींतून होते. मुलींमध्यें ही चकती साधारण पंधरा ते सतराव्या वर्षीं बंद होते, मुलांमध्यें त्यानंतर. म्हणजे माझ्या नातीचा कारखाना अजून ऐन भरांत चालू होता.

हा कारखाना नाजुक. मोठ्या माणसाच्या सांध्याचे बंध तुटतील अशा हिसक्यानें मुलाचे बंध पुष्कळदां शाबूत राहतात आणि चकतीच निखळते. घोड्यांच्या गाड्यांच्या काळीं गाडीच्या मागें लोंबकळणाऱ्या पोरांचे पाय चाकाच्या आऱ्यांत अडकत आणि गुडघ्याजवळचें हाडाचें टोंक चकतीशीं सुटून येई. परंतु माझ्या प्रश्नाशीं अधिक जवळची गोष्ट म्हणजे दाबाची. १८६२ सालीं जर्मनींतील ह्यूटर आणि फोल्कमान या दोघांनीं स्वतंत्रपणें असें मांडलें कीं, वाढत्या चकतीवर फाजील दाब राहिला तर तेथील वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर वेग घेते. हें तत्त्व आज शंभरांहून अधिक वर्षांनंतरहि टिकून आहे.

त्याच सुमारास इंग्लंडांत दोन शस्त्रवैद्य विश्रांतीचा मोठा पुरस्कार करीत होते. लंडनमधील जॉन हिल्टन यांनीं वेदना आणि विश्रांति या विषयावर १८६० ते १८६२ या काळांत व्याख्यानें दिलीं. तीं १८६३ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. वेदना ही शरीरानें घातलेली मनाई आहे आणि ती मानणें हाच पुष्कळदां उपचाराचा मोठा भाग असतो, असा त्यांचा रोख. दुसरे लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस. यांचें घराणें हाडें बसविणारांचें, आपल्याकडील हाडवैद्यांसारखें. विश्रांति द्यावयाची तर ती सक्तीची, अखंड आणि पुरेशी लांब असली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. अधूनमधून दिलेली विश्रांति त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या नांवाच्या पट्ट्या पहिल्या महायुद्धांत हजारों सैनिकांच्या मोडलेल्या मांड्यांना लागल्या. टॉमस यांच्याविषयीं वाचतांना मला माझ्या नातीचे डॉक्टर आठवले. "रविवारीं थोडें केलें तर चालेल का?" असें तिनें विचारतांच त्यांनीं नुसती मान हलविली होती.

आतां १८९५ सालाकडे येऊं. नोव्हेंबरच्या ८ तारखेला जर्मनींत व्युर्त्सबुर्ग येथें रॉन्टगेन यांना अदृश्य किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र काढलें. हाडें आणि बोटांतली आंगठी दाखविणारें तें चित्र पुष्कळ श्रोत्यांनीं पाहिलेलें असेल. मानवी शरीराचें तें पहिलें प्रसिद्ध अंतरंग हाताचेंच, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण हात पातळ, आणि काढावयास सोपा. तीनच वर्षांनीं, १८९८ सालीं, लंडनचे जॉन पोलंड यांनीं वाढत्या टोंकांच्या दुखापतींवर नऊशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षीं मुलांच्या मनगटांच्या व हातांच्या निरनिराळ्या वयांतील किरणचित्रांचा एक संग्रहहि काढला. असा संग्रह कां हवा होता? कारण डॉक्टरच फसत होते. मुलाच्या चित्रांतील काळी रेघ पाहून कोणी तिला मोड समजे, आणि खरोखर दुखावलेली रेघ पाहून कोणी ती नेहमींचीच समजे. अमुक वयाच्या निरोगी मुलाचें मनगट कसें दिसतें, हें ठाऊक असल्यावांचून दुखरें ओळखणार कसें? दोन्ही हातांचीं चित्रें शेजारीं लावून पाहण्याचें मर्म मला येथें कळलें. डाव्या हाताचें चित्र काढलें तेव्हां, मनांत म्हटलें होतें, हा उगीच खर्च!

विसाव्या शतकांत हें शास्त्र पुष्कळ वाढलें. तें सगळें सांगत बसत नाहीं. १९६३ सालीं कॅनडांत टोरांटो येथील साल्टर आणि हॅरिस यांनीं चकतीच्या दुखापतींचे पांच प्रकार पाडले आणि तींच नांवें डॉक्टर आजहि घेतात. परंतु हे पांचहि प्रकार पडण्याचे, आपटण्याचे, चिरडण्याचे, म्हणजे एकाच घावाचे. "पडलीस का?" या प्रश्नाला माझी नात "नाहीं" म्हणाली, तेव्हां आम्हां सर्वांना तें दुखणें खोटें वाटलें, याचें मूळ या समजुतींत आहे. घाव नाहीं तर जखम कोठून येणार? थेंबाथेंबानें दगड झिजतो हें आपण मुलांना सुभाषित म्हणून पाठ करावयास देतों. मुलांच्या हाडांना तें लागू पडेल, हें मात्र आपल्या मनांत येत नाहीं.

अशा थेंबाथेंबाच्या दुखण्याची पहिली मोठी जाणीव अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळानें करून दिली. चेंडू शेंकडों वेळां जोरानें फेंकणाऱ्या मुलांच्या कोपरांतील वाढीची जागा दुखावते, असें १९६० सालीं तेथील डॉक्टरांनीं लिहिलें. जिम्नॅस्टिक्सची पाळी त्यानंतर आली, आणि ती कां आली हें समजावयास या खेळाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

या खेळांत एके काळीं प्रौढ स्त्रिया होत्या. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें हंगेरीच्या आग्नेश केलेती यांनीं चार सुवर्णपदकें मिळविलीं तेव्हां त्यांचें वय ३५ वर्षांचें होतें. चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा चास्लाव्स्का १९६८ सालीं जिंकल्या त्या २६ व्या वर्षीं. मग वारें फिरलें. १९७२ सालीं म्यूनिकला १७ वर्षांच्या ओल्गा कोर्बुटनें आणि १९७६ सालीं मॉन्ट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीनें जग वेडें केलें. नादियाला दहापैकीं दहा गुण मिळाले आणि फलकावर तेवढे आंकडे दाखविण्याची सोय नसल्यानें १.०० असें झळकलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या चिमण्या मुलीचें कौतुक करणाऱ्या जगानें एक गोष्ट मात्र पाहिली नाहीं. चौदाव्या वर्षीं तें करावयाचें तर सहाव्या-सातव्या वर्षीं आरंभ करावा लागतो, आणि दहा ते चौदा या वयांत, म्हणजे चकती सर्वांत अधिक वेगानें काम करीत असतांना, दिवसाचे चार चार तास हातांवर काढावे लागतात. १९८० नंतर सोव्हिएट संघाच्या नताल्या युर्चेंको यांच्या नांवानें ओळखली जाणारी उडी आली. तींत घोड्याकडे पाठ करून, मागें झेप घेऊन, दोन्ही तळव्यांनीं घोडा रेटावयाचा. मोजणी करणारांना असें आढळलें आहे कीं, अशा मागच्या झेपेंत किंवा पुरुषांच्या कड्यांच्या घोड्यावरील फिरण्यांत हातांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या घरांत जातो.

निसर्गानें मनगट केलें तें धरण्यासाठीं, फिरविण्यासाठीं, लिहिण्यासाठीं. पाऊल भार घेण्यासाठीं घडविलेलें आहे, तळहात तसा नाहीं. शिवाय हातावर आलेल्या भारापैकीं सुमारें ८० टक्के एकटें रेडियस घेतें. करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या वांट्याला २० टक्केच येतात. तळवा पूर्ण मागें वांकलेला, कोपर ताठ, आणि वरून दुप्पट वजनाचा ठोसा. दिवसांतून किती वेळां, याची गणती कोण ठेवतो?

१९८१ सालीं इंग्लंडमधील डॉक्टर रीड यांनीं जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींच्या मनगटांतील अशा दुखापतींवर लेख लिहिला. पण या विषयाचा खरा पाया मला वाटतें १९८५ सालीं घातला गेला. अमेरिकेंतील रॉय, केन आणि सिंगर या तिघांनीं २१ खेळाडूंची हकीकत एकत्र केली. सगळ्यांचें मनगट दुखत होतें. त्यांतील ११ जणांच्या किरणचित्रांत चकती रुंद झालेली, कड वेडीवांकडी झालेली दिसली. १० जणांच्या चित्रांत कांहींच दिसलें नाहीं. ज्यांच्या चित्रांत कांहीं दिसलें नाहीं ते विश्रांतीनें सरासरी चार आठवड्यांत बरे झाले. ज्यांच्या चित्रांत फरक दिसला त्यांना निदान तीन महिने लागले. डॉक्टरांचे तीन महिने कोठून आले, हें मला सांपडलें. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांपडली, तिनें मी अस्वस्थ झालों. दुखूं लागतांच थांबलेला खेळाडू महिन्याभरांत परत जातो. चित्रांत दिसेपर्यंत दामटलेला तीन महिने, कधीं सहा महिने बसतो. आम्हीं दिवाळीनंतरचे ते दोन महिने तिला दामटलें होतें.

परंतु चकती रुंद कां होते? मोडलेलें हाड दीड महिन्यांत सांधतें, मग न मोडलेल्याला इतका काळ कां? नातीच्या प्रश्नाचें उत्तर सशांवरील प्रयोगांत मिळालें. जोसेप ट्रुएटा हे बार्सिलोनाचे शस्त्रवैद्य. स्पेनच्या यादवी युद्धांत जखमा साफ करून अवयव प्लॅस्टरमध्यें निश्चल ठेवण्याच्या पद्धतीनें त्यांनीं पुष्कळ सैनिकांचे हातपाय वांचविले. १९३९ सालीं निर्वासित होऊन ते इंग्लंडांत आले आणि पुढें ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९६० च्या सुमारास त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, चकतीला दोन बाजूंनीं रक्त मिळतें. सांध्याच्या बाजूचें रक्त नव्या पेशींना जगवितें. तें तुटलें तर चकती मरते. दुसऱ्या, म्हणजे दांड्याच्या बाजूचें रक्त जुन्या कूर्चेचें हाड बनवितें. तें अडलें तर नव्या पेशी जन्मत राहतात, पण त्यांचें हाड होत नाहीं. माल तयार होतो, उचल होत नाहीं. वखारींत ढीग सांठतो. चित्रांतील रुंद काळी रेघ म्हणजे हा सांठलेला ढीग.

ही उपमा मीं नातीला दिली तेव्हां तिनें लगेच विचारलें, "मग विश्रांति घेतली म्हणजे काय होतें?" वारंवार बसणाऱ्या दाबानें ज्या बारीक रक्तवाहिन्या चेंगरलेल्या असतात, त्या दाब थांबल्यावर पुन्हां आंत शिरतात. मग सांठलेल्या कूर्चेंत चुना बसतो, तिचें हाड होतें, रेघ पुन्हां बारीक होते. मोडलेल्या हाडाला दोन तुकडे जोडावयाचे असतात. येथें सगळी थकलेली उचल पुरी करावयाची असते. आणि मध्येंच चार दिवस हातांवर उड्या मारल्या तर नव्यानें शिरलेल्या वाहिन्या पुन्हां चेंगरतात. ह्यू टॉमस अखंड विश्रांति कां म्हणत, हें त्यांना रक्तवाहिन्यांचा हा हिशेब ठाऊक नसतांहि त्यांच्या अनुभवाला कळलें होतें.

दुर्लक्ष केलें तर काय होतें, तेंहि सांगितलें पाहिजे. कांहीं मुलांत चकती वेळेपूर्वींच बंद होते. रेडियस वाढावयाचें थांबतें, शेजारचें हाड वाढतच राहतें आणि करंगळीच्या बाजूस पुढें येऊन मनगटाच्या हाडांवर आदळूं लागतें; मधली कूर्चा फाटते. जर्मन शस्त्रवैद्य माडेलुंग यांनीं १८७८ सालीं तरुणांच्या मनगटांतील ज्या वांकडेपणाचें वर्णन केलें, तशाच धर्तीचा वांकडेपणा एका जिम्नॅस्ट मुलींत खेळानें उत्पन्न झाल्याचें अमेरिकन डॉक्टरांनीं १९८८ सालीं नोंदविलें आहे. बहुसंख्य मुलांचें असें होत नाहीं. वेळेवर थांबलेलीं बहुतेक मुलें पूर्ण बरीं होऊन खेळतात. पण तो वेळ ओळखावयास मुलाच्या तोंडच्या शब्दाखेरीज दुसरें साधन आरंभीं नसतें, कारण आरंभीं चित्रहि कांहीं सांगत नाहीं.

येथें माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनासाठीं मीं मुलांकडून हातांवर चालण्याची शर्यत बसविली होती. एक अकरा वर्षांचा मुलगा मनगट धरून उभा राहिला. मीं त्याला सर्वांदेखत रडका म्हटलें, आणि तो पुन्हां हातांवर चालूं लागला. त्याचें पुढें काय झालें मला ठाऊक नाहीं. माझ्यासारखे शिक्षक सगळ्या जगांत असावेत. ब्रिटनमध्यें जिम्नॅस्टिक्सच्या कारभाराची जी चौकशी ॲन व्हाइट या बॅरिस्टर बाईंनीं केली, तिचा अहवाल २०२२ सालीं निघाला. चारशेंहून अधिक निवेदनें आलीं होतीं, आणि दुखापत झाली असतां सराव करावयास लावणें हा त्यांतील एक मोठा आरोप होता. ऑलिंपिकसाठीं मुलींच्या वयाची अट १४ वरून १९८१ सालीं १५ आणि १९९७ सालीं १६ करण्यांत आली, हें चांगलेंच झालें. परंतु सोळाव्या वर्षीं मैदानावर उतरणारी मुलगी दहाव्या वर्षीं काय करीत होती, हें त्या अटींत लिहिलेलें नसतें.

माझी नात तीन महिने रिकामी बसली नाहीं, हें मात्र सांगावयास हवें, कारण विश्रांति म्हणजे अंथरूण असा पुष्कळांचा समज असतो. हातावर भार नाहीं, एवढीच मनाई. पहिले कांहीं आठवडे मनगटाला पट्टी होती. पायांच्या उड्या, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, तोल सांभाळणें, ताण, हें सगळें चालू होतें. तिच्या शिक्षकांनींहि, डॉक्टरांचें पत्र वाचल्यावर, मनापासून साहाय्य केलें. रोजच्या कामांत दुखणें थांबलें, दाबून पाहिल्यावर दुखेना, दुसऱ्या चित्रांत रेघ बारीक होऊं लागली, तेव्हां परतीचा रस्ता सुरू झाला. आधीं उभ्यानें भिंतीला तळवे रेटणें, मग टेबलाला, मग गुडघे टेकून जमिनीवर, मग दंड. प्रत्येक पायरीवर निदान आठवडा. भार घेण्याच्या व्यायामानंतर लोंबकळण्याचा व्यायाम, म्हणजे मनगटाला पाळीपाळीनें दाब आणि ताण मिळावा. हातावर भाराचे दिवस लागोपाठ नाहींत. दुखलें कीं एक पायरी खालीं. मनगट फार मागें वांकूं नये म्हणून एक जाड पट्टाहि तिला दिला आहे. पण पट्टा बांधला म्हणून दुखऱ्या हातावर उड्या मारावयाच्या नाहींत, अशी ताकीद आहे.

आणखी एक काम डॉक्टरांनीं माझ्याकडे दिलें. मूल एकदम उंच होऊं लागतें त्या महिन्यांत चकती अधिक नाजुक असते, तेव्हां सरावाचा भार कमी करावा म्हणून दर महिन्याला उंची मोजून ठेवावयाची. आमच्या माजघराच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीनें रेघा मारतों आणि तारीख लिहितों. पहिल्या दिवशीं तिनें त्याच पेन्सिलीनें आपल्या हातावर दोन ठिपके काढले आणि मधलें अंतर पट्टीनें मोजून मला सांगितलें, "आजोबा, अर्धा इंच. लिहून ठेवा." कातडीवरचे ठिपके धुऊन जातील, हेल्स साहेबांनीं हाडालाच भोक पाडलें होतें, असें मीं म्हणतांच ती म्हणाली, "तें कोंबडीचें चाललें."

निवडीची स्पर्धा तिच्यावांचून झाली. त्या दिवशीं ती व्यायामशाळेंत गेली आणि मैत्रिणींचे गुण लिहून घेऊन आली. सहाव्या महिन्यांत तिनें पहिल्यांदा भिंतीच्या आधारानें हातांवर उभें राहून दाखविलें. मी घड्याळ धरून बसलों होतों, दहा सेकंद झाल्यावर तिला खालीं उतरवावयाचें होतें. ती उतरली, मनगट फिरवून पाहिलें आणि म्हणाली, "नाहीं दुखलें. दुखलें असतें तर सांगितलें असतें, हं."

मागच्या झेपेला आणि व्हॉल्टच्या उडीला अद्याप परवानगी नाहीं. पुढचें चित्र पावसाळा संपल्यावर काढावयाचें आहे.